काडी मोडली, दावे सुटेना

बाई नवऱ्यापासून वेगळी झाली की तिच्या बाजूने बोलणारे लोक तीन गोष्टी विचारतात. पोटगीचे काय झाले? मुले कोणाकडे राहणार? दागिने, भांडीकुंडी परत मिळाली का? चौथी गोष्ट कोणी विचारत नाही. दावणीच्या जनावराचे काय ठरले? शेळी, गाय, कोंबड्या, उंबऱ्याशी बसणारा कुत्रा, यांचे काय? हा प्रश्न इतका किरकोळ समजला जातो की काडीमोडीच्या कागदावर त्याला एक ओळही मिळत नाही. आणि नेमकी ही न लिहिलेली ओळ धरून माजी नवरा पुढची कित्येक वर्षे बाईच्या दारात येत राहतो.

मैत्रिणींनो, आपले म्हणणे एकदा स्पष्ट मांडायला हवे. लग्न मोडल्यावर दोघांच्या मालकीचे म्हणून राहिलेले जनावर हे बाईच्या गळ्यातले दावे असते. त्याचे एक टोक नवऱ्याच्या हातात असते. ते टोक सोडवल्याशिवाय तिची सुटका झाली असे म्हणता येत नाही.

डिंभ्याच्या परिसरात हा प्रश्न फार ठळक दिसतो. घोड नदीवर धरण झाले, जुने आंबेगाव पाण्याखाली गेले, तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालू लागला. धरणाच्या पाण्याला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव मिळाले. पाणी कालव्यांनी खाली पूर्वेकडे गेले आणि तिकडे ऊस उभा राहिला. वर डोंगरात राहिलेल्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी बायकांच्या वाट्याला पावसाळ्यातली भातलावणी, उन्हाच्या दिवसांत बाळहिरडा गोळा करणे आणि उरलेल्या दिवसांत नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर उभे राहणे एवढेच आले. जमिनीच्या उताऱ्यावर बाईचे नाव क्वचित. घर सासरचे. रोख पैसा आला तर तो आधी पुरुषाच्या खिशात. अशा संसारात बाईला आपल्या मर्जीने वेळेला विकता येईल अशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे तिची शेळी. मूल आजारी पडले की बोकड विकला जातो. शाळेची वह्या-पुस्तके कोंबडीच्या अंड्यांवर येतात. डोंगरातल्या बाईची बँक चार पायांची असते आणि ती रोज पाल्यावर चालते.

आता नेहमी घडते ते पाहा. बाई मार खाऊन कंटाळते, किंवा नवरा दुसरी आणतो. पंच बसतात, काडी मोडली जाते. बाई मुलांना घेऊन माहेरच्या वाडीवर नाहीतर गावातच वेगळ्या खोपटात राहू लागते. दोन शेळ्या तिच्याबरोबर येतात, कारण त्या तिच्यामागे चालत येतात, दुसऱ्या कोणाच्या हाकेला ओ देत नाहीत. पंच म्हणतात, राहू द्या तिच्याकडे, पुढचे पुढे पाहू. हे ‘पुढचे पुढे’ म्हणजेच सगळा घोळ आहे. पंधरा दिवसांनी नवरा येतो. शेळी बघायला आलो म्हणतो. महिन्याने येतो, व्याली का विचारतो. सणाच्या तोंडावर येतो आणि बोकड सोडून नेतो. कधी दारू पिऊन रात्री येतो आणि माझे जनावर कुठे बांधले म्हणून दार वाजवतो. बाईने हटकले तर शेजारी म्हणतात, अगं, तो तुझ्यासाठी नाही आला, जनावरासाठी आलाय. जो पुरुष बायकोसाठी दारात आला असता तर गावाने त्याला चार शब्द सुनावले असते, तोच शेळीचे नाव घेऊन आला की त्याला हक्काने आत यायला मिळते.

ही पाळत आहे. शेळीच्या निमित्ताने त्याला कळते की घरी कोण आले-गेले, बाई कुठल्या कामावर जाते, तिच्या हातात किती पैसा आहे. मारहाण थांबली म्हणून अंमल संपला असे नाही. लग्नात तो उघड चालायचा, आता जनावराच्या आडून चालतो, एवढाच फरक.

यावर पुरुषांची दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, शेळी माझ्या पैशाची. दुसरे, मला जनावराचा लळा आहे. दोन्ही उत्तरे तपासून पाहू.

पैशाचा प्रश्न आपल्या गावाने केव्हाच सोडवलेला आहे. तो सोडवायला वकील लागत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे पण राखायला माणूस नाही तो आपली शेळी दुसऱ्याला अर्धेलीने देतो. राखणारा पाला आणतो, रानात नेतो, आजारपण काढतो. शेळी व्याली की करडे निम्मी मालकाची, निम्मी राखणाऱ्याची. मूळ शेळी मालकाची राहते. हा व्यवहार सगळ्यांना मान्य आहे. राखणाऱ्याने पैसा घातला नव्हता म्हणून त्याचा वाटा कोणी नाकारत नाही, कारण नुसता पैसा टाकून शेळी वाढत नाही, तिला रोज कोणीतरी वाढवावे लागते, हे गावाला कळते. मग हा साधा न्याय बायकोच्या बाबतीत का विसरला जातो? परक्याने राखली तर निम्मा वाटा आणि बायकोने राखली तर शून्य, हा कुठला हिशेब?

शेळी पाच महिन्यांनी विते. चांगली जपली तर दीड वर्षात दोनदा विते आणि बहुतेक वेळा जुळी देते. म्हणजे नवऱ्याने एकदा पैसे घालून आणलेल्या शेळीची तीन-चार वर्षांत जी दावण होते ती त्याच्या पैशाची राहत नाही. ती पहाटे उठून गोठा झाडणाऱ्या, पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचायला शेळ्या नेणाऱ्या, पीपीआरची साथ आली तर रात्र रात्र जागणाऱ्या हातांची असते. ते हात कोणाचे हे गावात कोणालाही विचारा.

तेव्हा वाटणीचा पहिला नियम आपण गावाच्याच रिवाजातून घेऊ. नवऱ्याच्या पैशाची मूळ शेळी असेल तर ती किंवा तिची किंमत त्याने न्यावी. वाढलेल्या दावणीतला निम्मा वाटा राखणीचा म्हणून बाईचा, तिच्यावर कोणाची मेहेरबानी नाही. माहेराहून आंदण म्हणून आलेली शेळी किंवा गाय आणि तिची सगळी पिलावळ पूर्ण बाईची. बचत गटाचे कर्ज बाईच्या नावावर काढून घेतलेले जनावर बाईचे, कारण हप्ते तीच फेडते आणि थकले तर गटाच्या बैठकीत मान खाली तिलाच घालावी लागते.

पण अर्धेलीचा न्याय वाटणीपुरताच घ्यायचा. अर्धेली पुढे चालू ठेवायची नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण पंच हटकून हाच तोडगा काढतात. ‘जनावर तिच्याकडे राहू दे, करडे निम्मी-निम्मी घ्या.’ ऐकायला समान वाटते. पण अर्धेलीत मालकाला केव्हाही येऊन आपले जनावर पाहायचा हक्क असतो. परक्या माणसाला दिलेला तो हक्क आणि ज्याच्या हातचा मार खाल्ला त्याला दिलेला तो हक्क एक नव्हे. म्हणून हिशेब एकदाच करायचा, एकाच दिवशी, पंचांसमोर. काडी मोडायच्या दिवशीच दावणही वाटायची. त्यानंतर जे जनावर तिच्या खुंट्याला ते तिचे, मग ते व्याले काय आणि मेले काय.

आता लळ्याचा प्रश्न. सगळ्याच पुरुषांचा लळा खोटा असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याने बैलाच्या खांद्याला तेल चोळले, ज्याच्यामागे कुत्रा रानभर फिरला, त्याला त्या जनावराची आठवण येणारच. परंतु लळा खरा असेल तर तो जनावराच्या हिताचा विचार करील. त्याच्या नावाने बाईला धाक घालणार नाही. खऱ्या लळ्याला दिवसाढवळ्या, चार लोकांत भेटता येते. शाळेसमोरच्या मैदानात किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयापाशी, ठरलेल्या दिवशी, बाईचा भाऊ किंवा गटातली मैत्रीण कुत्र्याला घेऊन जाऊ शकते. जो ‘मला तिच्या दारातच भेटायचे’ असा हट्ट धरतो त्याला कुत्र्याला भेटायचे नसते.

कुत्र्याचा उल्लेख मी मुद्दाम करते आहे. शहरातल्या मैत्रिणींना वाटेल की हा हौसेचा विषय. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत, तो हौसेचा विषय नाही. धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला, उसात बिबट्याला लपायला जागा मिळाली आणि कुत्री-शेळ्या त्याच्या तोंडी जाऊ लागल्या. माणसांवरही हल्ले होतात. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, वनखाते पिंजरे लावते, तरी रात्री वाडीच्या टोकाला एकटीने राहणाऱ्या बाईला बिबट्या आल्याचे पहिल्यांदा सांगतो तो कुत्राच. बिबट्या आल्याचे सांगणारा कुत्रा माणूस आल्याचेही सांगतो. अशा बाईचा कुत्रा ‘माझा आहे’ म्हणून उचलून नेणे म्हणजे तिच्या घराची कडी काढून नेणे. तेव्हा कुत्र्याच्या बाबतीत नियम असा असावा: तो ज्याच्या हातचे खातो आणि ज्याला त्याची राखण हवी आहे, त्याच्याकडेच तो राहील.

लळ्याला किंमत असते हे शहरातल्या न्यायालयानेही मानले आहे. २०२३ साली मुंबईत वांद्र्याच्या महानगर दंडाधिकाऱ्यांनी कौटुंबिक हिंसाचाराच्या एका प्रकरणात नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या बाईला दरमहा ५०,००० रुपये अंतरिम पोटगी मंजूर केली. तिच्याजवळ तीन रॉटवायलर कुत्रे होते आणि पोटगी मागताना तिने त्यांचाही खर्च धरला होता. पाळीव प्राणी हा चांगल्या जीवनमानाचा भाग आहे आणि तुटलेल्या नात्यामुळे आलेली पोकळी ते भरून काढतात, अशा आशयाचे मत न्यायालयाने नोंदवले. परदेशात कायदे याच्याही पुढे गेले आहेत. अमेरिकेत अलास्का राज्याने २०१७ साली, तर स्पेनने २०२२ च्या जानेवारीपासून असे कायदे लागू केले की घटस्फोटात जनावर कोणाकडे राहावे हे ठरवताना त्या जनावराचे भलेही पाहावे. आपल्याकडे घटस्फोटाच्या कायद्यात जनावरासाठी अशी तरतूद नाही. जनावर ही वस्तू मानली जाते, आणि वस्तू पावती दाखवणाऱ्याची होते.

वांद्र्याच्या निकालाचे स्वागतच आहे. पण त्यातून एक प्रश्न उभा राहतो. शहरातल्या बाईचा कुत्रा तिचे मन सांभाळतो म्हणून त्याची दखल घेतली गेली. डोंगरातल्या बाईची शेळी तिचे मनही सांभाळते आणि पोटही. मग तिची दखल कोण घेणार? बाई शेळीशी बोलते, तिला नावाने हाक मारते, ती मेली तर जेवत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. लळा फक्त फ्लॅटमध्ये राहतो आणि डोंगरात नुसता व्यवहार, अशी वाटणी आपण मान्य करता कामा नये.

कायद्याच्या ज्या वाटा आज खुल्या आहेत त्या मात्र डिंभ्यातल्या बाईलाही खुल्या आहेत. १९५५ चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, तिथे काडीमोड रिवाजानेच होते. म्हणून ‘तुमचे कोर्टात काही चालत नाही’ असे बायकांना सांगितले जाते. ते खोटे आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा जात, धर्म, जमात पाहत नाही. घरातली मालमत्ता परस्पर विकणे, बाईला तिच्या वस्तूंपासून तोडणे याला हा कायदा आर्थिक छळ म्हणतो. नवऱ्याने तिच्याशी संपर्क साधू नये, सामायिक मालमत्ता परस्पर विकू नये, असा मनाई हुकूम दंडाधिकारी कलम १८ खाली देऊ शकतात. तिचे स्त्रीधन किंवा तिच्या हक्काची इतर मालमत्ता परत करण्याचा हुकूम कलम १९ खाली मिळतो. स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे, नवरा फार तर तिचा राखणदार, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात १९८५ सालीच सांगितले. लग्न मोडल्यावरही, लग्नाच्या काळात झालेल्या हिंसेची दाद मागता येते, हे त्याच न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले. अर्ज लिहिण्यासाठी संरक्षण अधिकारी आहेत. आंदणाच्या गाईला कोर्टाच्या कागदावर स्त्रीधन म्हणून लिहायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

आणखी एक गोष्ट. बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार तिच्या मागे जाणे, तिला गाठणे हा पाठलागाचा गुन्हा आहे. २०१३ साली तो भारतीय दंडसंहितेत आला, २०२४ च्या जुलैपासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. यातला ‘स्पष्ट’ हा शब्द ध्यानात ठेवायचा. मनातल्या मनात नको म्हटलेले उपयोगी पडत नाही. ‘यापुढे जनावराच्या कारणाने माझ्या दारात यायचे नाही’ हे वाक्य एकदा दोन साक्षीदारांसमोर मोठ्याने बोलले गेले पाहिजे आणि तारखेसह लिहून ठेवले पाहिजे.

यावर हमखास येणारा आक्षेप माणुसकीचा. एवढ्याशा शेळीपायी तंटा कशाला? मुलांचा बाप आहे तो, थोडे सोसावे. आयाबाया हे सांगतात तेव्हा त्यामागे काळजी असते, पण त्या सल्ल्याचा अर्थ नीट पाहा. माणुसकी नेहमी बाईकडूनच का मागितली जाते? बोकड परस्पर सोडून नेणाऱ्याला माणुसकी कोणी शिकवली का? आणि शेळी ‘एवढीशी’ आहे तर ती सोडून देण्याचा मोठेपणा पुरुषाने का दाखवू नये? बापाला मुलांना भेटायचे असेल तर त्याची वेगळी वाट ठरवता येते. मुलांची भेट आणि जनावराचा हिशेब या दोन गोष्टी एकत्र गुंफल्या की तिसरीच गोष्ट घडते, बाईला केव्हाही गाठता येते.

सीमा आखायची तर ती दोन्ही बाजूंनी पाळावी लागते, हेही खरे. शेळी आजारी पडली, बाजारात न्यायची आहे, बोकडाचा भाव करायचा आहे, की एकट्या बाईला माजी नवऱ्यालाच निरोप पाठवावा लागतो, कारण दुसरे कोणी येत नाही. चाकणच्या बाजारात बाई एकटी जनावर घेऊन उभी राहिली तर व्यापारी तिला भाव देत नाही. तिथे बाईला दोष देऊन उपयोग नाही. त्या कामाला तिच्याबरोबर कोण जाणार, हा संघटनेचा प्रश्न आहे. गटातल्या दोघीजणी बाजाराच्या दिवशी तिच्याबरोबर गेल्या, पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरचा फोन नंबर तिच्याकडे असला, तर माजी नवऱ्याला बोलावण्याची वेळच येणार नाही. सीमा नुसत्या धीरावर टिकत नाही, तिला माणसांचा आधार लागतो.

तेव्हा प्रत्येक मंडळाने, प्रत्येक बचत गटाने एवढे काम अंगावर घ्यावे. काडीमोडीचा किंवा तडजोडीचा कागद होत असेल तिथे जनावरांची यादी लिहून घ्या: रंग, वय, खूण आणि कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर. तो बिल्ला कोणाच्या नावावर आहे हे आधी पाहा. २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री राज्यात बंद केली आहे, म्हणजे ज्याचे नाव त्याचा ताबा, असाच अर्थ बाजारात लावला जाणार. वाटणीच्या दिवशीच नोंद बाईच्या नावावर बदलून घ्या. दूध डेअरीला घालत असाल तर खाते तिचे उघडा. बिबट्याने जनावर नेले तर वनखात्याचा पंचनामा तिच्या नावाने झाला पाहिजे, नाहीतर शेळी तिची जाते आणि भरपाई त्याला मिळते. कागदावर शेवटची ओळ अशी असू द्या: यापुढे काही देणे-घेणे उरलेच तर ते ग्रामपंचायतीत, दिवसा, मध्यस्थासमोर होईल, बाईच्या घरी नाही.

गाव ऐकेल का? या खोऱ्याला कागदाबाहेरचे हक्क मिळवायची सवय आहे. धरणाने उठवलेल्या लोकांनी पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनी कसल्या, सहकारी संस्था करून जलाशयात मासेमारीचा हक्क मिळवला. कुसुमताई कर्णिकांच्या ‘शाश्वत’ संस्थेने या कामात साथ दिली आणि २०१२ साली त्या संस्थेला इक्वेटर पुरस्कार मिळाला. उताऱ्यावर नाव नसले तरी जो राबतो त्याचा हक्क असतो, हे तत्त्व डिंभ्याच्या लोकांनी सरकारला ऐकवले. तेच तत्त्व आता घरात लागू करायचे आहे. सरकारला सांगताना श्रमाचा हक्क आणि बायकोला सांगताना मालकीचा, असे दोन तोंडांनी बोलता येणार नाही.

शेजारच्या संगमनेरला १९८८ साली टाकलेल्या बायकांची परिषद भरली तेव्हाही लोक म्हणाले होते, घरातला प्रश्न चव्हाट्यावर कशाला? त्या बायकांनी तो आणला म्हणून परित्यक्तांच्या घराचा, पोटगीचा, शिधापत्रिकेचा विषय सरकारदरबारी गेला. १९९४ चे महिला धोरण आले, बाईचे नाव घरावर लागायला हवे हे निदान बोलले जाऊ लागले. घरानंतर आता गोठा. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. काडी मोडायची तर दावेही त्याच दिवशी सोडायचे, असा ठराव आपल्या वाडीवर करून घ्या आणि त्याची नक्कल शेजारच्या वाडीला द्या.